मुलांचा शिक्षण भत्ता आणि वेतनातील आयकर

फेब्रुवारीची वेतनदेयके तयार होऊ लागली की पुण्यातील केंद्रीय कचेऱ्यांमधून एक तक्रार दरवर्षी नव्याने ऐकू येते. दक्षिण कमांडचे मुख्यालय, शिवाजीनगरची वेधशाळा, रेल्वेचा पुणे विभाग, टपाल खात्याच्या कचेऱ्या अशा अनेक ठिकाणी हजारो कर्मचारी केंद्र शासनाच्या सेवेत आहेत. जून-जुलैच्या सुमारास मुलांच्या शिक्षण भत्त्याची वार्षिक रक्कम त्यांच्या खात्यावर जमा होते. शाळेचा पहिला हप्ता, गणवेश, पुस्तके, क्वचित शिकवणीचे शुल्क यांत ती खर्चही होऊन जाते. आणि मग वर्षअखेरीस वेतनचिठ्ठीत आयकराच्या रकान्यात एकदम मोठा आकडा येतो. शासन एका हाताने देते व दुसऱ्या हाताने काढून घेते, अशी कर्मचाऱ्याची समजूत होते आणि लेखा शाखेतील लिपिकाशी त्याचा खटका उडतो.

या तक्रारीत तथ्य किती आणि गैरसमज किती, याचा उलगडा आकड्यांनीच होऊ शकतो. पुढील हिशोब २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या तरतुदींनुसार केला आहे. १९६१ चा आयकर अधिनियम ज्या वर्षाला संपूर्णपणे लागू होता असे हे शेवटचे वर्ष होय. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा अधिनियम अमलात येत असल्याने कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी वेतनातून महिन्यामहिन्याला कर कापण्याची मूळ रीत तीच ठेवण्यात आली आहे.

भत्त्याचे स्वरूप

केंद्रीय कर्मचाऱ्याला हयात असलेल्या पहिल्या दोन अपत्यांसाठी हा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दर अपत्यामागे दरमहा २,२५० रुपये ठरविण्यात आला. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांवर पोचल्यावर तो २५ टक्क्यांनी वाढावा अशी योजना होती, आणि त्यानुसार १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला. दिव्यांग अपत्यासाठी हा दर दुप्पट आहे. प्रत्यक्ष खर्च किती झाला याची चौकशी न करता ठरावीक रक्कम दिली जाते. शाळेच्या मुख्याध्यापकाचा दाखला तेवढा जोडावा लागतो. रक्कम दरमहा न देता शैक्षणिक वर्ष संपल्यावर एकदाच दिली जाते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

दोन मुलांच्या कर्मचाऱ्याला याप्रमाणे वर्षाकाठी ६७,५०० रुपये मिळतात. आयकराच्या दृष्टीने ही रक्कम वेतनाचाच भाग समजली जाते. १९६१ च्या अधिनियमाखाली जुन्या करप्रणालीत दर अपत्यामागे दरमहा १०० रुपये, तेही दोनच अपत्यांपुरते, करमुक्त होते. म्हणजे ६७,५०० पैकी केवळ २,४०० रुपये. नव्या प्रणालीत तेवढीही सूट नाही. सर्व रक्कम करपात्र उत्पन्नात मिळविली जाते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली असून कर्मचाऱ्याने स्पष्टपणे जुनी निवडली नाही, तर त्याचा हिशोब नव्या प्रणालीनेच होतो.

बारा लाखांचा उंबरठा

२०२५-२६ साठी नव्या प्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के, बारा ते सोळा लाखांवर १५ टक्के अशी चढती श्रेणी असून चोवीस लाखांच्या पुढे ती ३० टक्क्यांपर्यंत जाते. वेतनदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. ती वजा जाता करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर कलम ८७ ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतची करसूट मिळून कर शून्य होतो. बारा लाखांवर आकारणीप्रमाणे होणारा कर बरोबर ६०,००० रुपयेच असल्याने उंबरठ्याच्या अलीकडचा वेतनदार पूर्णपणे मोकळा राहतो.

आता एकाच कार्यालयातील चार कर्मचारी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावेत. चौघांनाही दोन मुले आहेत आणि चौघांनाही ६७,५०० रुपयेच मिळाले आहेत.

पहिल्याचे भत्त्याखेरीजचे वार्षिक वेतन ११ लाख रुपये आहे. भत्ता मिळवून ते ११,६७,५०० होते. प्रमाणित वजावट जाता १०,९२,५०० उरतात. उंबरठा दूर आहे, कर शून्य, आणि भत्ता पुरा पदरात पडतो.

दुसरा कार्यालय अधीक्षक आहे. त्याचे वेतन साडेबारा लाख. भत्ता नसता तर वजावटीनंतर ११,७५,००० रुपये उरले असते व कर लागला नसता. भत्त्यामुळे करपात्र उत्पन्न १२,४२,५०० झाले. उंबरठा ओलांडताच करसूट गेली आणि आकारणीप्रमाणे कर ६६,३७५ रुपये झाला. ४ टक्के उपकर धरून ६९,०३०. भत्ता ६७,५०० आणि त्यापायी लागणारा कर ६९,०३०! मुलांचा भत्ता घेतल्याने कर्मचारी दीड हजाराने गरीब व्हावा, असा हा विचित्र प्रकार टाळण्यासाठीच कायद्यात सीमांत सवलतीची तरतूद आहे. तिच्यानुसार बारा लाखांवर जेवढे उत्पन्न अधिक झाले, त्याहून कर अधिक असू शकत नाही. अधीक्षकाचे उत्पन्न उंबरठ्यावर ४२,५०० ने अधिक आहे, म्हणून कर ४२,५००. त्यावर १,७०० रुपये उपकर. एकूण ४४,२००. भत्त्यापैकी त्याच्या हाती २३,३०० रुपये राहतात.

तिसऱ्याचे वेतन १५ लाख रुपये. तो उंबरठ्याच्या बराच पलीकडे आहे. त्याला भत्ता नसता तरी कर होताच. भत्त्यावर त्याला १५ टक्क्यांनी १०,१२५ व उपकर ४०५, म्हणजे १०,५३० रुपये अधिक द्यावे लागतात. हाती राहतात ५६,९७०.

चौथा वरिष्ठ अधिकारी, करपात्र उत्पन्न चोवीस लाखांच्या वर. त्याला सर्वांत चढा दर लागतो. तरीही भत्त्यावरचा कर उपकरासह २१,०६० रुपये होऊन त्याच्याजवळ ४६,४४० उरतात.

चौघांत सर्वाधिक गमावतो तो अधीक्षक. ज्याचे वेतन सर्वांत जास्त, तो नव्हे. कर उत्पन्नाबरोबर पायरीपायरीने वाढत जातो, अशी सर्वसाधारण कल्पना असते आणि एरवी ती बरोबरही आहे. परंतु करसूट जेथे संपते तेथे पायरी नसून उंच उंबरठा आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांपासून सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंतच्या पट्ट्यात मिळालेला प्रत्येक अधिक रुपया करातच जातो. उपकर धरला तर रुपयाला एक रुपया चार पैसे. या पट्ट्याच्या पुढे गेल्यावर सीमांत सवलतीचे काम संपते आणि नेहमीचा १५ टक्क्यांचा दर लागू होतो. भत्त्याबाबतची कुरकूर ज्यांच्याकडून ऐकू येते, ते बहुतेक याच पट्ट्याच्या काठावरचे असतात, आणि त्यांची कुरकूर निराधार म्हणता येत नाही.

जुन्या प्रणालीत जाऊन सुटका होईल का, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. याच अधीक्षकाने जुनी प्रणाली निवडली, ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० चा व्यवसाय कर, मुलांच्या भत्त्यापैकी २,४०० आणि कलम ८० सी खालील पूर्ण दीड लाख वजा केले, तरी करपात्र उत्पन्न ११,१२,६०० राहते आणि उपकरासह कर सुमारे १,५२,१०० रुपये होतो. ४४,२०० च्या तिपटीहून अधिक. घरभाडे, गृहकर्जाचे व्याज अशा मोठ्या वजावटी ज्याच्याजवळ आहेत, त्याने दोन्ही हिशोब मांडून पाहावेत. पण केवळ मुलांच्या भत्त्याची सूट मिळावी म्हणून जुन्या प्रणालीत जाणे म्हणजे चारआण्याची कोंबडी आणि बाराआण्याचा मसाला. कलम ८० सी मध्ये मुलांच्या शिक्षण शुल्काचाही समावेश होतो हे खरे, परंतु ते पूर्णवेळ शिक्षणाचे, भारतातील संस्थेचे व दोन मुलांपुरतेच; देणगी, विकास निधी किंवा बसभाडे त्यात येत नाही.

कपात फेब्रुवारीतच का

वेतनदाराचा कर वर्षअखेरीस एकरकमी भरला जावा अशी कायद्याची अपेक्षा नाही. आहरण व संवितरण अधिकाऱ्याने वर्षारंभी कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज करावा, त्यावरील कर काढावा आणि तो सरासरीने प्रत्येक देयकातून कापावा, असे कलम १९२ सांगते. उत्पन्नात मध्येच बदल झाला, तर पुढील देयकांत कपात कमीजास्त करण्याची मोकळीकही त्यास आहे. सरकारी कचेरीत मार्चचे वेतन एप्रिलमध्ये मिळते. त्यामुळे कराच्या दृष्टीने वर्ष मार्चच्या देयकापासून सुरू होऊन फेब्रुवारीच्या देयकाशी संपते. फेब्रुवारीचे देयक हा शेवटचा दरवाजा. तोवर जे कापले गेले नाही ते तेथे कापावेच लागते. कर कमी कापला गेला तर दरमहा एक टक्का व्याजाची जबाबदारी कापणाऱ्या कार्यालयावर येते. त्यामुळे लेखा शाखेचा हात या महिन्यात जड होतो, त्यात नवल नाही.

आता अधीक्षकाच्या देयकांकडे पाहावे. एप्रिलमध्ये त्याच्या उत्पन्नाचा अंदाज साडेबारा लाख धरला गेला व कर शून्य आला. जूनमध्ये भत्त्याचे स्वतंत्र देयक मंजूर होऊन रक्कम मिळाली, पण अंदाजाचा कागद कोणी उघडला नाही. जानेवारीत गुंतवणुकीचे व इतर दाखले गोळा करताना वर्षाची बेरीज झाली तेव्हा ४४,२०० रुपये कर निघाला. उरली दोन देयके. प्रत्येकातून २२,१०० रुपये गेले. हाच बदल जूनच्या देयकातच नोंदला असता, तर फेब्रुवारीपर्यंतच्या नऊ देयकांतून दरमहा सुमारे ४,९०० रुपये गेले असते. कर तोच, पण ज्या घरात शाळेचा दुसरा हप्ता जानेवारीत भरावयाचा असतो, तेथे २२,१०० आणि ४,९०० यांतील फरक कोणाला समजावून सांगण्याची गरज नसते.

यातील उंबरठा कायद्याने घातलेला आहे. फेब्रुवारीचा धक्का मात्र कायद्याने दिलेला नाही.

शिक्षकांच्या बाबतीत असाच अनुभव थकबाकीमुळे येतो. महागाई भत्त्याची किंवा वेतननिश्चितीची मागील काही वर्षांची थकबाकी एका वर्षी मिळते आणि उत्पन्न एकाएकी उंबरठ्यापलीकडे जाते. थकबाकीसाठी मात्र कलम ८९ चा आधार आहे. रक्कम ज्या वर्षांची, त्या वर्षांत ती मिळाली असती तर किती कर लागला असता हे काढून फरकाइतकी सवलत मिळते, आणि ती दोन्ही प्रणालींत मिळते. त्यासाठी नमुना १० ई विवरणपत्रापूर्वी ऑनलाइन भरावा लागत असे. तो न भरताच सवलत मागितल्यामुळे ती नाकारली गेल्याची उदाहरणे शिक्षकवर्गात कमी नाहीत. शासकीय कर्मचारी, स्थानिक संस्था व विद्यापीठे यांच्या सेवकांना ही सवलत वेतनातून कर कापतानाच विचारात घ्यावी अशी विनंती कार्यालयाकडे करता येते, ही गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

मुले आणि कर: जुना संबंध

मुलांच्या संख्येचा आणि आयकराचा संबंध आपल्याकडे नवा नाही. रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असताना १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात कुटुंबभत्त्याचे तत्त्व आयकरात प्रथम आले. त्याआधी सर्वांना सारखी असलेली १,५०० रुपयांची करमुक्त मर्यादा विवाहितांसाठी २,००० करण्यात आली आणि अविवाहितांसाठी १,००० वर आणण्यात आली. पुढे १९५८ सालच्या कररचनेत आणखी एक पाऊल पडलेले दिसते. अपत्य नसलेल्या विवाहिताला ३,००० रुपये, एक अपत्य असल्यास ३,३०० आणि एकाहून अधिक असल्यास ३,६०० रुपयांपर्यंत कर नव्हता. तिसऱ्या अपत्याला करात स्थान नव्हते. म्हणजे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घरोघरी परिचित होण्यापूर्वीच आयकराच्या तक्त्यात दोन अपत्यांची रेघ ओढली गेली होती! आणि या सवलतीला उत्पन्नाची अटही होती: एकूण उत्पन्न २०,००० रुपयांहून अधिक असणाऱ्यास ती मिळत नसे. त्या काळी वीस हजार ही श्रीमंतीची खूण होती. मुलांसाठी द्यावे, पण वरच्या उत्पन्नापाशी थांबावे, हा विचार अशा रीतीने सात दशकांपूर्वीच येथे अमलात आला होता. कालांतराने करमुक्त मर्यादा पुन्हा सर्वांना सारखी झाली व विवाहित-अविवाहित हा भेद गेला.

भेद गेल्याचे परिणामही लक्षात घेण्याजोगे आहेत. सध्याच्या पद्धतीत कर व्यक्तीवर आहे, कुटुंबावर नाही. पती-पत्नी दोघेही नोकरीत असून प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न २०२५-२६ मध्ये बारा लाख असेल, तर त्या घराला नव्या प्रणालीत काहीच कर नाही. शेजारच्या घरात एकटाच कमावता असून त्याचे उत्पन्न चोवीस लाख असेल, तर त्याला उपकरासह ३,१२,००० रुपये भरावे लागतात. घरात येणारे उत्पन्न दोन्हीकडे तेच.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांचा अनुभव

हिंजवडी, खराडी येथील संगणक कंपन्यांमधून ब्रिटनला गेलेली आणि तेथेच स्थायिक झालेली अनेक पुणेकर कुटुंबे आहेत. त्यांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तेथे मुलांचा भत्ता नोकरीशी जोडलेला नसून सर्व पालकांसाठी आहे: २०२५-२६ मध्ये पहिल्या अपत्यास आठवड्याला २६.०५ पौंड व पुढील प्रत्येकास १७.२५ पौंड. जानेवारी २०१३ पासून मात्र अधिक उत्पन्न असलेल्यांकडून तो कराच्या रूपाने परत घेतला जातो. आरंभी ही मर्यादा ५०,००० पौंड होती. एप्रिल २०२४ पासून ती ६०,००० आहे. तेथून पुढे दर २०० पौंडांमागे भत्त्याचा एक टक्का परत द्यावा लागतो आणि ८०,००० पौंडांवर सर्व भत्ता संपतो. उंबरठ्याऐवजी येथे उतार आहे, असे म्हणता येईल.

तेथील वेतनदाराला करखाते एक सांकेतिक अंक देते; उदाहरणार्थ १२५७ एल. याचा अर्थ वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त धरून मालकाने उरलेल्यावर कर कापावा. दोन मुले असलेल्या आणि ७०,००० पौंड मिळविणाऱ्या पालकाला २,२५१ पौंडांच्या भत्त्यापैकी निम्मा, म्हणजे १,१२५ पौंड परत द्यावयाचा असतो. पूर्वी त्यासाठी स्वतंत्र विवरणपत्र भरावे लागे आणि ते न भरल्याने दंड बसलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती. २०२५ पासून ज्यांना दुसऱ्या कारणासाठी विवरणपत्राची गरज नाही, त्यांना ही वसुली वेतनातूनच करून घेता येते. मग करखाते त्याची करमुक्त रक्कम सुमारे २,८१२ पौंडांनी कमी करते, अंक ९७५ एल च्या आसपास येतो, आणि ४० टक्के दराने तेवढाच अधिक कर महिन्यामहिन्याला कापला जातो. अंक बदललेला पाहून वेतन चुकले असे वाटणारा पालक तेथेही असतोच.

दोन पद्धतींतील एक फरक मात्र पुण्यातील वाचकाने नीट ध्यानात घ्यावा असा आहे. ब्रिटनमध्ये भत्ता आईने घेतला तरी वसुली दोघांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्याकडून होते. पती-पत्नी प्रत्येकी ५९,००० पौंड मिळवीत असतील तर काहीच परत द्यावे लागत नाही, आणि एकटा कमावता ८०,००० मिळवीत असेल तर सर्व भत्ता जातो, ही विसंगती तेथेही बरीच चर्चिली गेली आहे. (नोकरीच्या परवान्यावर नव्याने गेलेल्या कुटुंबांना सार्वजनिक निधीतील लाभ घेण्यास बहुधा मनाई असते, मुलांचा भत्ता त्यातच मोडतो, म्हणून स्थायिकत्व मिळेपर्यंत त्यांना तो मागता येत नाही.)

आपल्याकडे कर लागतो तो ज्याच्या हाती भत्ता येतो त्याला. पती व पत्नी दोघेही केंद्रीय सेवेत असतील तर भत्ता दोघांपैकी एकालाच मिळतो, पण तो कोणी घ्यावा हे त्यांनी ठरवावयाचे असते. बहुतेक घरांतून सवयीने पतीच दावा करतो. वर सांगितलेल्या अधीक्षकाची पत्नी टपाल खात्यात असून तिचे वेतन नऊ लाख आहे असे समजले, तर तिने दावा केल्यास तिचे उत्पन्न उंबरठ्याच्या आतच राहील, अधीक्षकाचेही राहील, आणि ६७,५०० रुपये जसेच्या तसे घरात येतील. त्यात काही गैर नाही आणि कसली पळवाटही नाही. नियमाने दिलेली निवड जाणून वापरावी एवढेच.

उंबरठ्याची दुसरी जात

पंचायत सदस्यांचा संबंध येतो तो बहुधा अशा योजनांशी, जेथे उत्पन्नाची कसोटी रक्कम देण्यापूर्वीच लावली जाते. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्य शासनाने सुरू केलेल्या लेक लाडकी योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील मुलीला जन्मानंतर ५,००० रुपयांपासून वयाच्या अठराव्या वर्षी ७५,००० रुपयांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये देण्याची तरतूद आहे. येथे कुटुंब हे एकक आहे आणि शिधापत्रिकेचा रंग हा उंबरठा. कराने परत घेण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून वर्षअखेरचा धक्काही नाही. मात्र दारातच पात्र किंवा अपात्र असा निर्णय होत असल्याने मधल्या स्थितीतील कुटुंबाला सीमांत सवलतीसारखा आधार मिळत नाही. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला अद्ययावत आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्यामुळे गावपातळीवर अधिक जोखमीचे होते.

करातही एक सवलत अशी आहे की जी मागितल्याखेरीज मिळत नाही. महाराष्ट्रात वेतनातून व्यवसाय कर कापला जातो. वर्षाला २,५०० रुपये, त्यांतील ३०० फेब्रुवारीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या अपत्याच्या पालकांना या करातून माफी आहे. योग्य प्रमाणपत्र कार्यालयात सादर न केल्यामुळे कपात चालूच राहिली, असे पालक शोधू गेल्यास सापडतील.

वर्षारंभीच अंदाज

केंद्रीय कर्मचाऱ्याच्या भत्त्याबाबत वर्षारंभी अंदाज करता येत नाही, ही सबब टिकण्यासारखी नाही. अपत्यांची नावे व जन्मतारखा सेवापुस्तकात असतात. रक्कम ठरावीक असते आणि खर्चावर अवलंबून नसते. मागील वर्षी दावा कोणी केला ते देयकांच्या नोंदवहीत सापडते. बारावीपर्यंतच हा भत्ता मिळत असल्याने कोणाचे अपत्य यंदा शाळेतून बाहेर पडले, हेही कळण्यासारखे आहे. मग मार्चच्या देयकाच्या वेळी करावयाच्या अंदाजात भत्त्याचा एक रकाना घालणे एवढेच काम उरते. कर्मचाऱ्याने आपल्या बाजूने बँकेतील ठेवींचे व्याज व इतर उत्पन्न वेळीच कळवावे. उंबरठ्याच्या काठावर असणाऱ्याला आठ-दहा हजारांचे व्याजही पलीकडे नेऊ शकते, आणि ते कार्यालयास ठाऊक नसले तरी आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात नोंदलेले असते.

अंदाज चुकून कर अधिक कापला गेल्यास विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. नमुना १६ हाती आल्यावर त्यातील भत्त्याची रक्कम प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेशी, आणि कपातीचे आकडे बारा वेतनचिठ्ठ्यांशी ताडून पाहावेत. अधीक्षकाचा भत्ता मार्चच्या देयकापासूनच अंदाजात धरला असता, तर बारा देयकांतून त्याची दरमहाची कपात ३,६८३ रुपये झाली असती.